शेळीला मारलेला खडा

खडा शेळीला मारला होता. निदान रोसेंदा पुढचे दोन दिवस सगळ्यांना हेच सांगत होती.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, त्यातला बुधवार. ऊन डोक्यावर आलेलं. वरच्या पठारावरचं पाइनचं रान मागे पडलं होतं आणि दरीत उतरणारी पायवाट आता कड्याला पाठ घासत चालली होती. डाव्या हाताला दगड, उजव्या हाताला नुसतं आकाश. खाली खोल कुठंतरी नदीचा एक धागा. रोसेंदा पुढे, तिच्या घोळदार घागऱ्याचा लाल काठ वाऱ्यावर फडफडत, आणि मागे चार पाहुणे, पावलापुढे पाऊल जपत.

वळणावर एक पांढरी शेळी वाटेच्या मधोमध उभी. हलायला तयार नाही. अशा जागी तिला हाकलायची तर खडा अंगावर मारत नाहीत, पलीकडे टाकतात. म्हणजे ती आतल्या बाजूला सरकते. रोसेंदानं वाकून बोराएवढा खडा उचलला आणि टाकला. तो शेळीच्या शिंगांवरून गेला, वळणापलीकडे गेला, आणि तिकडून येणाऱ्या एका माणसाच्या खांद्यावर टप्पकन बसला.

माणूस थांबला. कपाळाला लाल पट्टा, पायात टायरच्या वहाणा, पाठीवर शेळीच्या कातड्याचा मोठा गोल ढोल. त्यानं आधी खड्याकडे पाहिलं. मग वळून तिच्याकडे.

ते वळून पाहणं हीच तर पंचाईत. आमच्या रारामुरी लोकांत मुलगा मुलीच्या मागे लागत नाही. जिला जो आवडला, तिनं त्याला खडा मारायचा. लहानसा, खांद्यावर नाहीतर पाठीवर. त्यानं वळून पाहिलं नाही तर गोष्ट तिथंच मिटली. कुणी कुणाला काही विचारत नाही. आणि पाहिलं, तर...

"शेळीला मारला," रोसेंदा घाईनं म्हणाली.

"शेळी तिकडे आहे. मी इकडे."

"ती हलली मध्येच."

त्यानं शेळीकडे पाहिलं. शेळी होती तिथंच उभी राहून रवंथ करत होती.

"बरीच हलली," तो म्हणाला.

"माझा खडा परत दे."

"परत द्यायची रीत नाही."

"मग ठेवून घ्यायची तरी कुठं आहे?"

"नाही ना? आता पाडतो." आणि त्यानं तो खडा शांतपणे कमरेच्या पट्ट्यात खोचला.

मागून अँपारोबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय गं तो?" अँपारोबाई मेक्सिकोतल्याच चिहुआहुआ शहरातल्या निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखरे, पण जीभ तरतरीत.

"वाट चांगली आहे म्हणतोय, बाई."

"इतका वेळ?"

"वाट लांब आहे ना..."

तो हसणार होता बहुतेक. पण तेवढ्यात त्याची नजर मागच्या इवोवर गेली. तरुण पोरगा, गळ्यात दोन कॅमेरे. हसू ओठांतच विझलं.

"म्हणजे तू रोसेंदा. बाहेरच्यांना नाच दाखवायला आणणारी."

"आणि तू?"

"सिरिलो. पांढऱ्या ठिपक्यांवाल्या नाच्यांचा या वर्षीचा कप्तान." मग जरा थांबून, "बैठकीत तुला नाही म्हणणारा एकटा मीच होतो."

तर हाच तो. रोसेंदा चार वर्षं वरच्या रेल्वेगावात हॉटेलात झाडलोट करत होती आणि सिरिलो दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावरून आईच्या शेतावर राहायला आलेला. म्हणून गाठ पडली नव्हती. वाटाड्याचं काम आजवर बाहेरची माणसं करायची. रोसेंदानं ते मागितलं होतं: आमची दरी, आमची वाट, तर पुढे चालणारं माणूसही आमचंच हवं. गावानं एकाच वर्षासाठी होकार दिला होता. कायमचं काय ते शनिवारी, सणाच्या शेवटी ठरणार होतं. नाही म्हणाले, तर पुन्हा वर जाऊन परक्यांच्या चादरी बदलायच्या.

"शनिवारी पुन्हा नाही म्हण," रोसेंदा मान ताठ करून म्हणाली. "पण त्याआधी वाट सोड. माझे पाहुणे उन्हात उभे आहेत."

त्यानं वाट सोडली. इतकी सोडली, की टाचा दरीवर आल्या. आणि ती शेजारून जाताना हळूच म्हणाला, "नेम बाकी चांगला आहे तुझा."

वासीराचीत, आमच्या या गावात, घरं एकमेकांपासून हाकेच्याही पलीकडे असतात. पण बातमीला आमच्यासारखेच पाय, डोंगरामागून डोंगर न थांबता पळणारे. गुरुवारी सकाळी रोसेंदा हिलारिया मावशीच्या अंगणात आली, तेव्हा तिथं पाट्यांवर मका वाटणाऱ्या पाचही बायका एकदम गप्प झाल्या. मग एकीनं वरवंट्याच्या तालावर गुणगुणायला घेतलं:

*दरीच्या वळणाला शेळी उभी गं एकली,*
*कुणाच्या हाताची खडी कुणाला लागली...*

"शेळीला मारला मावशी, खरंच."

"हो तर," मावशी वरवंटा न थांबवता म्हणाली. "शेळीनं काय केलं मग? कमरेला खोचला?"

बायका डोक्यावरचे रुमाल तोंडाशी धरून हसल्या. रोसेंदाचे कान तापले. दोन दिवसांत हा माणूस माझं काम घालवणार आहे, तिनं स्वतःला बजावलं, आणि याचं हसू आठवायचं काही कारण नाही.

चर्चच्या पटांगणात पाइनच्या फांद्यांच्या कमानी उभ्या राहत होत्या. ढोल तर फेब्रुवारीपासूनच डोंगराडोंगरांवर घुमत होते. आता ते एकत्र आले होते आणि जमिनीतून पावलांत चढत होते. या दिवसांत देव अशक्त झालेला असतो. त्याला सांभाळायचं, त्याच्याभोवती फिरायचं, नाचायचं, त्याला निजू द्यायचं नाही. हे आम्ही केलं नाही, तर कोण करणार? जगात इतके लोक आहेत. पण जग उभं आहे ते आमच्या पावलांवर, असं आम्ही मानतो, आणि तसे नाचतो.

रोसेंदानं चारही पाहुण्यांना भिंतीच्या कट्ट्यावर सावलीत ओळीनं बसवलं. अँपारोबाई, इवो, आणि पुएब्लाहून आलेले दातांचे डॉक्टर नवरा-बायको. मग ती गावच्या म्होरक्यांना, फेलिसियानो आजोबांना, बोटांची टोकं हलकेच लावून भेटली.

"आणलेस पाहुणे?" आजोबांनी विचारलं. "बरं केलंस. काय करणार आहेत ते?"

"बघणार आहेत, आजोबा. नाच बघणार."

ती हे आपल्या बोलीत म्हणाली, आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. आमच्या बोलीत नाचणं आणि काम करणं याला एकच शब्द आहे. चार वर्षं परकी भाषा बोलून बोलून तिला वाटलं होतं, नाच म्हणजे नाच. पण पटांगणातल्या प्रत्येकानं ऐकलं ते असं: हे चौघं आपण काम करू ते बसून बघणार आहेत.

क्षणभर ढोलही अडखळले. मग कमानीवरून, फांदी बांधता बांधता, सिरिलोचा आवाज आला. "रस्त्याच्या कामावर मुकादम असाच सावलीत बसतो. चौघांना चार छत्र्या आणून द्या रे."

सगळं पटांगण हसलं. मावशीसुद्धा.

रोसेंदा हसली नाही. गालाला आग लागल्यासारखं झालं होतं, पण मान खाली गेली नाही. ती कट्ट्यापाशी चालत गेली.

"उठा," ती पाहुण्यांना म्हणाली. "चूक माझी झाली. मी तुम्हाला सांगितलं होतं की बघायचं आहे. इथं बघायचं काहीच नसतं, करायचं असतं. डॉक्टर, ओढ्याच्या पलीकडे फांद्या तोडून ठेवल्यात, त्या आणायच्या. बाई, मावशीच्या पाट्यावर एक जागा रिकामी आहे. इवो, तुझे हात चांगले आहेत, ढोल धरशील."

"पण मी फोटो काढायला..."

"कॅमेरा निजू दे. तू जागा राहा."

तिनं हात पुढे केला. इवोनं एकदा तिच्या हाताकडे, एकदा पटांगणाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन्ही कॅमेरे तिच्या हातावर ठेवले. डॉक्टर नवरा बायकोला म्हणाला, "रुग्णाला 'तोंड उघडा' असंच फर्मावतो ना मी?" आणि बाह्या सरसावल्या.

कमानीवर फांदी बांधणारे हात थांबले होते. रोसेंदानं वर पाहिलं नाही. पण थांबले होते हे तिला कळलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत इवोच्या अंगावर चुन्याचे पांढरे ठिपके आले होते आणि तळहाताला फोड. डॉक्टरीणबाईंच्या केसांत पाइनच्या सुया. अँपारोबाईंचा वाटलेला मका इतका जाडा होता, की मावशी तो पुन्हा वाटत होती. पण बाई उठल्या नव्हत्या. बायकांच्या त्या अंगणात पाणी पोचवायचं काम त्या दिवशी कप्तानानं स्वतःकडे का घेतलं, हे कुणी विचारलं नाही. बायकांनी नुसतं गुणगुणायला सुरुवात केली. सिरिलोनं घडा उतरवला. अँपारोबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि स्पॅनिशमध्ये म्हणाल्या:

"तू त्या ढोलवाल्या आजोबांचा नातू ना? नाक तेच आहे."

सिरिलोचा चेहरा दगडासारखा झाला. ते आजोबा बाईंना कुठं दिसले असणार, हे त्याला ठाऊक होतं. रेल्वेगावातल्या त्या हॉटेलात, दारातच, भिंतीवर हातभर मोठा फोटो: सणानंतर उन्हात आडवा झालेला म्हातारा, तोंड उघडं, उशाला ढोल. येणारे-जाणारे बोट दाखवून हसायचे. कुणीतरी काढला, कुणीतरी लावला; आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. सिरिलो बाहेरच्यांना नाही म्हणत होता तो त्या फोटोपायी.

"तो आता नाही तिथं," बाई म्हणाल्या. "भिंतीवर नुसता पांढरा चौकोन आहे. मी दरवर्षी उतरते ना तिथं, वेटरला विचारलं. म्हणाला, झाडलोट करणाऱ्या पोरीनं उतरवला. मालक म्हणाले, परत लाव. तिनं रुमाल डोक्याला बांधला, फोटो काखेत मारला आणि दारातून निघून गेली. तेव्हा मी ठरवलं, दरीत जायचं ते या पोरीमागूनच. तिनं सांगितलं नाही तुला?"

सिरिलो निघाला. घडा मात्र तिथंच विसरून गेला.

उन्हं कलली तेव्हा मावशी अंगणातून आत आली. "रोसेंदा, कुणीतरी आलंय गं."

आमच्याकडे दारावर थाप मारत नाहीत. घरापासून वीसेक पावलांवर बसायचं, घराकडे पाठ करून, आणि वाट बघायची. घरातल्याला बोलायचं असेल तर तो बाहेर येईल. नसेल तर बसणारा उठून जाईल, कुणाचा अपमान नाही. पीचच्या फुललेल्या झाडाखाली सिरिलो बसला होता, पाठ करून. अंगावर चुन्याचे ठिपके, डोक्याला टर्कीच्या पिसांचा मुकुट, आणि मांड्यांवर हात, शाळेतल्या मुलासारखे.

रोसेंदानं भांडी घासली. मग घासलेली भांडी परत घासली.

"अगं, त्याच्यावर फुलं पडायला लागलीत," मावशी म्हणाली. "झाकून जाईल."

रोसेंदा गेली. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच दिशेला तोंड करून बसली. दोघंही समोरच्या कड्याकडे बघत राहिले. कडा तांबडा होत चालला होता.

"तू मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"काय?"

"फोटोचं."

रोसेंदानं घागऱ्यावर पडलेलं फूल झटकलं. मग ती म्हणाली, "सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. चार वर्षं मी त्या फोटोखालची फरशी पुसली, सिरिलो. एक दिवस उतरवला, त्याचं कसलं कौतुक सांगू? आधीच्या चार वर्षांचं काय?"

ती उठून आत गेली आणि मावशीच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली चौकट घेऊन आली. त्यानं ती मांडीवर ठेवून उलगडली. रोसेंदाला वाटलं, आता हा उठून जाईल. पण तो बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू निवळला.

"त्या वर्षी त्यांनी तीन दिवस ढोल खाली ठेवला नव्हता," तो म्हणाला. "एकदाही नाही. बाकीचे बदलून बदलून वाजवत होते. देव सुरक्षित झाल्यावरच ते आडवे झाले. बघ ना... काम संपवलेला माणूस आहे हा. यात हसण्यासारखं काय होतं?"

"काहीच नव्हतं," रोसेंदा म्हणाली.

त्यानं चौकट पुन्हा जपून गुंडाळली. मग कमरेचा पट्टा सैल केला आणि तो खडा काढून दोघांच्या मधल्या मातीवर ठेवला.

"हा घे. शेळीचा होता. मी उगीच ठेवला. शनिवारी मी काहीही बोललो तरी लोक म्हणतील, खड्यापायी बोलला. तुझ्या कामावर तसली सावली नको."

रोसेंदानं खड्याकडे पाहिलं. एवढासा, करडा. बुधवारी तिनंच तो परत मागितला होता, आणि आता समोर होता तर तिचा हात उचलेना.

"सिरिलो..."

"हं."

"मी पाच वर्षांची असल्यापासून शेळ्या राखते."

"बरं."

"कड्यावर, वाऱ्यात, धावत्या शेळीलासुद्धा... माझा नेम चुकलेला मला आठवत नाही."

बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. जणू हे तिनंही आत्ताच पहिल्यांदा ऐकलं. सिरिलो कड्याकडेच बघत होता. पण त्याच्या कानामागे, चुन्याचा ठिपका नव्हता तिथं, कातडी लाल होत गेली.

"वळणापलीकडे मी येतोय हे तुला दिसत होतं?"

"ढोल दिसत होता."

"नुसता ढोल?"

"ढोलाखालचे पायही. चांगले चालत होते."

त्यानं खडा उचलला, पुन्हा पट्ट्यात खोचला, आणि बोटांची टोकं तिच्या बोटांना लावली. भेटताना लावतात तशीच. फक्त लगेच काढून घेतली नाहीत.

शनिवारी दुपारी सणातले सैनिक बनलेल्या नाच्यांनी आणि ठिपकेवाल्यांनी धुळीत कुस्त्या मारल्या. सिरिलोनं तिघांना पाडलं आणि चौथ्याकडून पडला. इवो पहिल्याच झटक्यात पडला आणि त्याला उठवायला सातजण धावले. देवाला दगा देणाऱ्या जुडासचा गवताचा पुतळा भाल्यांनी फाटला, पेटला, राख झाला. मक्याच्या आंबिलीची भोपळ्याची वाटी हातोहात फिरली. देव वाचला होता, या वर्षीही. मग फेलिसियानो आजोबा काठी टेकून चर्चच्या दाराशी उभे राहिले. लोक एकमेकांना खेटून उभे राहिले, धुळीनं माखलेले, डोळे लाल, आणि राजांसारखे ताठ.

"रोसेंदाचं ठरवायचं आहे," आजोबा म्हणाले. "नाही म्हणणारा सिरिलो होता. त्यानं आधी बोलावं."

रोसेंदा बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं शाल घट्ट ओढली.

सिरिलो पुढे आला. मुकुटाची दोन पिसं कुस्तीत मोडली होती. "माझं नाही एवढ्यासाठी होतं, की आपण काम करावं आणि कुणी बसून बघावं, हे मला नको होतं. ते अजूनही नको." तो थांबला. "पण यापुढे माझं बोलणं धरू नका. कप्तान म्हणून मला इथं न्यायानं बोलायला हवं, आणि मला आता ते जमणार नाही. मी... मी तिच्या बाजूचा झालोय."

"केव्हापासून?" आजोबांनी गंभीरपणे विचारलं.

"बुधवारपासून, आजोबा. कळलं शुक्रवारी."

हसण्याची लाट भिंतीपर्यंत जाऊन परत आली. रोसेंदानं मान खाली घातली नाही. आयुष्यात कधी नव्हती इतकी ताठ ठेवली, आणि डोळे मात्र भरून आले.

"मग दुसरं कुणी बोला," आजोबा म्हणाले.

हिलारिया मावशी बोलली. "ती म्हातारी मास्तरीण मका फार वाईट वाटते. मला सगळा परत वाटावा लागला." मावशीनं कमरेवर हात ठेवले. "पण दोन दिवस ती उठली नाही. तिच्या हाताला आता माझ्यासारखाच घट्टा येईल. अशी माणसं रोसेंदा आणणार असेल, तर आणू दे. पाटा आणखी एक लागेल, एवढंच."

आजोबांनी काठी दोनदा आपटली. "बघायला कुणी येणार नाही. कामाला येतील. आणि या वाटेनं त्यांना आणेल ती रोसेंदा. दुसरं कुणी नाही."

रविवारी सकाळी पाहुणे वर निघाले. इवो गळ्यातले कॅमेरे विसरून फोड आलेला हात सगळ्यांना दाखवत होता. रोसेंदा पुढे. तिच्यामागे चौघं. आणि सगळ्यांत शेवटी, धुतलेल्या सदऱ्यात, सिरिलो.

"तू कुठं रे?" मावशीनं अंगणातून विचारलं.

"मीठ आणायला."

"मीठ आहे की घरात."

"संपेल, मावशी."

आमच्याकडे वाटेवर पुरुष पुढे चालतो. बाई त्याच्या मागून, सात-आठ पावलं सोडून. कुणी तसं शिकवत नाही. तसंच चालत आलंय. म्हणून त्या दिवशी शेतांतली माणसं काम थांबवून बघत राहिली: ठिपकेवाल्यांचा कप्तान, तिघांना पाडणारा, एका पोरीच्या मागून चालला होता, आणि जराही वाकलेला दिसत नव्हता.

अर्ध्या चढावर रोसेंदानं पाहुण्यांना सावलीत बसवलं. अँपारोबाईंनी गुडघे चोळत डोळे मिटून घेतले, अगदी घट्ट. सिरिलो वर चढून आला आणि तिच्या तीन पावलं मागे थांबला.

"ये की पुढे," ती म्हणाली. "लोक बघतायत खालून."

"बघू देत. वाट तुझी आहे."

"आणि परत येताना? तेव्हा पाहुणे नसतील."

"तेव्हाही मागेच चालेन," तो म्हणाला. "पण एवढ्या लांबून नाही."

रोसेंदानं पाहुण्यांना उठवलं. वळून पाहिलं नाही. वहाणांचा आवाज ऐकू येत होता. मान ताठ ठेवून, खालच्या साऱ्या दरीला दिसेल अशी, ती पुढे निघाली. फक्त पावलं जरा हळू टाकत.